नागम्माचं बोट

“आता मी जे सांगून राहिलो, ते तुम्ही मानणार न्हाईत. मानूच नगा. मी सोता तिथं नसतो तर मीबी मानलं नसतं.”

मडिवाळप्पाच्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात अशीच. मग ती त्याच्या बैलाची असो, ज्याला कानडीत शिवी दिली की तो चालायचा आणि मराठीत दिली की रुसून बसायचा. नाहीतर त्या वाघाची असो, ज्यानं माहूरच्या घाटात लंगड्या बैलाच्या जागी मान देऊन गाडी वर चढवून दिली होती आणि मोबदल्यात फक्त एक विडी मागितली होती. चाळीस वर्षं त्यानं बैलगाडीवर भाडी मारली. उदगीर, देगलूर, बिदर. मग एका उतारावर त्याच्याच गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. गुडघा वाकेनासा झाला, आणि पुढंमागं कुणी नसलेला माणूस मोहताजखान्यात येऊन पडला. ही पायाची गोष्ट मात्र तो कधी सांगत नसे. तीच एक खरी होती.

मोहताजखाना हे निजामाच्या वेळचं नाव. बाहेरच्या पत्र्याच्या पाटीवर ‘निराधार निवास’ असं लिहिलेलं होतं, पण एस.टी.चा कंडक्टरही “मोहताजखान्याचे कोण हाय, उतरा!” असंच ओरडायचा. उदगीरहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दगडी भिंतींच्या तीन लांब खोल्या, एक आड, एक लिंब. आत एकोणीस म्हातारी माणसं, त्यातली पाच अंथरुणातली. त्यांना सांभाळायला दोन बाया होत्या. सिंधु दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली, ती अजून परतली नव्हती. राहिली धुरपताबाई.

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षाची ही गोष्ट. पाऊस मृगात एकदा तोंड दाखवून गेला होता तो परत फिरकला नव्हता. चैत्र लागला तेव्हा आडाच्या तळाला गाळ दिसत होता, आणि दोन मैलांवरच्या विहिरीवरून धुरपताबाई डोक्यावर पाणी आणत होती. पहिलं पाणी प्यायला. उरलं तर भाकरीला. त्यातून उरलं तर चादरींना. एका बादलीत तीन चादरी निघायच्या. पहिली बरी, दुसरी तशी, तिसरीला नुसतं ऊन दाखवायचं.

“अप्पा, लावा बोलायला,” धुरपताबाई म्हणाली. पदर कमरेला खोचून ती नागम्माच्या बाजेशी उभी होती.

ही त्या दोघांची रीत होती. अंथरुणातल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नागम्माच्या पाठीला रुपयाएवढी जखम पडली होती, आणि तिला हलवलं की तिच्या घशातून जो आवाज निघायचा तो ऐकून शेजारच्या बाजेवरचा आंधळा म्हातारा कानांत बोटं घालायचा. म्हणून मडिवाळप्पा उशाशी उभा राहून गोष्ट लावायचा.

“तर अव्वा, माझा बैल देगलूरच्या नाक्यावर येऊन थांबला. नाकेदारानं इचारलं, गाडीत काय हाय? मी म्हणलो, सरकी हाय, दुसरं काय असणार? तर बैलानं मान हलवली. न्हाई म्हणून!”

नागम्मा सीमेवरच्या कानडी गावची. अंगात धमक होती तेव्हा मडिवाळप्पाची प्रत्येक गोष्ट ती एका शब्दात आडवी करायची. “सुळ्ळु!” म्हणजे खोटं. सगळा मोहताजखाना हसायचा, आणि मडिवाळप्पा खोटंखोटं रागवायचा. दसऱ्याला तिला लकवा झाला. तोंड एका बाजूला गेलं, अंग गेलं, वाचा गेली. राहिलं उजव्या हाताचं एक बोट. थाप आली की ते बोट गोधडीवरून हळूच वर उठायचं.

आत्ताही ते उठलं. त्याच क्षणी धुरपताबाईनं एक हात खांद्याखाली, एक हात खुब्याखाली घातला आणि नागम्माला कुशीवर वळवलं. आवाज निघाला, पण थोडकाच. बोट वर करायच्या नादात निम्मी कळ तशीच निघून जायची.

“झालं गं माय, झालं,” धुरपताबाई म्हणाली. तिनं जखम पुसली, लिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी लावलं, पाठीमागं चिंध्यांची उशी खोचली. मग हात पुसत, मडिवाळप्पाकडे न बघता ती बोलली. “अप्पा, सोमवारी पाझर तलावाच्या दुष्काळी कामाचं मस्टर निघून राहिलंय. मपलं नाव लिवलंय.”

मडिवाळप्पानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“पाच महिने झाले, पगार न्हाई. घरी लेकरं हायेत. मी काय दगडाची हाय का?”

“न्हाई बाई. तू कामून दगडाची असशील.”

“मंग असं तोंड पाडून बघू नगा.”

दाराशी शिवलिंग गुरुजी उभे होते. मोहताजखान्याचा कारभार त्यांच्याकडे. सरकारचं अनुदान यायचं ते धान्याला, तेलाला आणि कपड्याला. त्यातच ओढाताण करून ते दोन बायांचा पगार काढायचे. जिल्हा वेगळा झाल्यापासून अनुदानच आलं नव्हतं. चूक काही प्रमाणात गुरुजींचीही होती. तीस वर्षांची हाताची सवय. नवीन जिल्ह्याला पाठवायचे चार अर्ज त्यांनी एकामागून एक जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर टाकले होते. कळलं तेव्हा ते स्वतः लातूरला जाऊन आले.

“गेलतो मी,” ते पुन्हा म्हणाले, जणू कुणी विचारलंच होतं. “जिल्ह्याचं नवीन हापिस हाय. भाड्याची जागा. जुन्या जिल्ह्यातनं आलेले गठ्ठे अजून सुटायचेत. साहेब मनुष्य भला हाय, बसवून पाणी दिलं. म्हणला, किती जण अंथरुणात हायेत त्याचा तक्ता करून पाठवा.”

“तक्त्यात काय दिसतंय?” मडिवाळप्पा म्हणाला. “तक्त्याला वास येतो का? त्याची पाठ सोलती का?”

“मंग काय करू?”

“अव्वालाच घेऊन जाऊ.”

गुरुजी हसले. धुरपताबाई हसली नाही. ती नागम्माकडे बघत होती. मडिवाळप्पा वाकला, न वाकणारा पाय बाजूला ताणून, बाजेची कड धरून. “अव्वा, लातूरला येतीस का? मी नेतो. माझ्या वाघाच्या गाडीत.”

बोट वर आलं. थाप पकडली होती तिनं. मग तेच बोट खाली आलं आणि तिनं बाजेची पट्टी टकटक वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा.

“येती म्हणती,” धुरपताबाई म्हणाली.

*

बसवंत ड्रायव्हर उदगीरहून तूर भरून लातूरच्या डाळमिलांना न्यायचा. दहा वर्षं तो मोहताजखान्याच्या आडाचं पाणी पिऊन पुढं जात होता. शुक्रवारी सकाळी त्यानं ट्रक लिंबाखाली लावला, काय न्यायचंय ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“गुरुजी, ही बाई रस्त्यात खपली तर पोलीस मला धरतील.”

“खपत न्हाई,” मडिवाळप्पा म्हणाला. “तिला अजून माझ्या शंभर थापा पकडायच्यात.”

पाठीला जखम, म्हणून तिला आडवं नेता येत नव्हतं. गुरुजींची दोन हातांची लाकडी खुर्ची काढली. धुरपताबाईनं पहाटे तिला पुसून घेतलं होतं, धुतलेलं पांढरं लुगडं नेसवलं होतं, तिच्या रोजच्या रीतीनं कपाळाला विभूती ओढली होती, गळ्यातलं लिंग सारखं केलं होतं. ती स्वतः बौद्ध. पण चौदा वर्षं ह्या म्हाताऱ्यांना रोज ज्याच्या त्याच्या देवाच्या रीतीनं ती सजवत आली होती. मान एका बाजूला कलायची, म्हणून तिनं कपाळावरून एक पांढरी पट्टी घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली. जबडा लोंबायचा, म्हणून दुसरी पट्टी हनुवटीखालून. कमरेला जुनं धोतर आवळलं. मग चार जणांनी खुर्ची तुरीच्या पोत्यांवर चढवली. अंथरुणातल्या बाकी चौघांना एका दिवसापुरतं हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांच्या हवाली करून धुरपताबाई, गुरुजी नि मडिवाळप्पा तिच्याबरोबर निघाले.

वाटेत एका उजाड माळाशी धुरपताबाईनं ट्रकच्या टपावर थाप मारली. बसवंतनं ब्रेक लावला.

“काय झालं?”

“वेळ झाली. आंग उचलायचंय तिचं.”

“बाई, मला मोंढ्यात नंबर लावायचाय!”

“मग ये वर, हात लाव, लवकर होईल.”

बसवंत कुरकुरत वर चढला. धुरपताबाई म्हणेल तिथं हात लावला. पुढचा सगळा रस्ता त्यानं ट्रक असा चालवला, जसा काय मागे अंड्यांचा ढीग होता.

*

लातूरच्या मोंढ्यापाशी, धान्याच्या बाजारात, ट्रकांची रांग लागली होती. पुढं वाट नव्हती. ऑफिस तिथून मैलभर.

बसवंतनं ताडपत्रीचे दोन लांब बांबू सोडले. खुर्चीच्या हातांखालून घालून दोरीनं आवळले. चार हमालांना हाक मारली. त्यांनी काही न विचारता पाठीवरची पोती खाली टाकली आणि खांदा दिला. धुरपताबाईनं ऊन लागू नये म्हणून छत्री धरली. गुरुजी हातात कागदांची पिशवी घेऊन मागे. मडिवाळप्पा लंगडत सगळ्यांच्या पुढं, कारण मागे राहायचं त्याला ठाऊकच नव्हतं. “हटा! वाट द्या! म्हातारीला वाट द्या!”

वाट मिळाली. जरा जास्तच मिळाली.

पहिल्या दुकानदारानं डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्यानं उठून हात जोडले. तेलाच्या दुकानातला इश्वरप्पा, सत्तरीचा, गळ्यात रुद्राक्ष, लगबगीनं खाली उतरला; त्यानं फुलवालीच्या टोपलीतला हार उचलला, नागम्माच्या गळ्यात घातला आणि तिच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मग वर्षानुवर्षांच्या सवयीच्या सुरात त्यानं सुरू केलं, “ॐ नमः शिवाय...” मागून चौघांनी धरलं. कुठूनतरी टाळ आले. कुणीतरी मुरमुरे उधळले.

धुरपताबाई मडिवाळप्पाच्या जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. “अप्पा, ही माणसं अव्वाला मेलेली समजून राहिलीत.”

मडिवाळप्पानं वळून बघितलं. खरंच की. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. बसवतात, विभूती लावतात, डोक्याला नि हनुवटीला पट्टी बांधतात, हार घालतात, भजन म्हणत नेतात. वर बसलेली नागम्मा उन्हानं डोळे मिटून होती. तिला बघून तिच्या सख्ख्या आईनंही गळा काढला असता.

“सांगा त्यांना,” धुरपताबाई म्हणाली.

“सांगतो. जरा पुढं गेल्यावर.”

“पाप लागंल, अप्पा.”

“आगं, वाट मिळून राहिली की! मैलभर ह्या गर्दीतनं दुसरं कसं नेणार व्हतीस तू?”

मागून इश्वरप्पानं विचारलं, “कुठल्या वाटेनं न्यायचंय?”

“आदी सरकारी हापिसात,” मडिवाळप्पा म्हणाला. हे मात्र खरं होतं.

इश्वरप्पाच्या भुवया वर गेल्या. मयत ऑफिसावर नेऊन राहिलेत म्हणजे काहीतरी अन्याव झालाय, अशी कुजबूज मागे मागे सरकत गेली. चौकात होती ती माणसं पन्नास. पाण्याच्या टाकीपाशी शंभर झाली. ऑफिसच्या फाटकाशी आली तेव्हा रस्ता दिसत नव्हता. मडिवाळप्पाची छाती फुगली होती. आयुष्यभर त्यानं थापा मारल्या. पण आज एक शब्द न बोलता एवढी मोठी थाप रस्त्यानं चालत होती.

*

साहेब स्वतः ओट्यावर आले. तिशीचे, चष्मा, बाह्या दुमडलेल्या. हाताला गठ्ठ्यांची धूळ. गर्दी बघून त्यांनी चष्मा काढला.

“कोण वारलं?”

तेवढ्यात मडिवाळप्पाला सगळं सांगता आलं असतं. धुरपताबाईनं त्याच्या सदऱ्याला मागून हिसकाही दिला. पण दोनशे माणसं गप्प राहून आपल्या तोंडाकडे बघतायत, असं त्याच्या जन्मात कधी झालं नव्हतं. त्याची जीभ सैल सुटली.

“नागम्मा, साहेब! मोहताजखान्यातली. अन्न न्हाई, पाणी न्हाई, कूस बदलायला माणूस न्हाई. अनुदान अनुदान करत आज पहाटं माझ्या ह्या मांडीवर जीव सोडला तिनं!”

आणि खुर्चीच्या हातावरून बोट वर आलं.

आधी पुढच्या हमालानं बघितलं. तो “आयो!” म्हणून बांबू सोडणार होता, बसवंतनं धरला म्हणून बरं. मग टाळ थांबले. बोट तसंच वर होतं, ताठ, थोडं थरथरत. नागम्मानं डोळे उघडले होते आणि ती थेट मडिवाळप्पाकडे बघत होती.

“जित्ती हाय!” कुणीतरी किंचाळलं.

मग गलका झाला. कुणी हसलं, कुणी पळालं. इश्वरप्पा रागानं लाल झाला. “जित्या बाईच्या गळ्यात मी मयताचा हार घातला? पायाला हात लावला? पन्नास वर्षं इज्जतीनं काढली मी ह्या मोंढ्यात!” एका तरण्या दुकानदारानं मडिवाळप्पाची गचांडी धरली. सदऱ्याची वरची गुंडी तुटून ओट्याच्या पायरीवर टप्प पडली. टोपी आधीच कुणाच्या तरी पायाखाली गेली होती.

मडिवाळप्पानं तोंड उघडलं. बैल आला नाही, वाघ आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचलं नाही, आणि सत्तर वर्षांचा तो म्हातारा दोनशे माणसांसमोर लेकरासारखा रडायला लागला.

“खोटं बोललो,” तो म्हणाला. “मेली न्हाई. अजून मेली न्हाई. सोमवारपासनं मरंल.”

गचांडी धरलेला हात सुटला.

“म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं.

धुरपताबाई पुढं झाली. तिनं आपल्या पायाशी पडलेली स्वतःची सावली बघितली. “साहेब, ते मागून. आदी वेळ झाली.”

“कसली वेळ?”

“कूस बदलायची. हितं ओट्यावरच करते. जरा तिकडं तोंड करा. समद्या पुरुषमाणसांनी तिकडं तोंड करा!”

तिचा आवाज असा होता की दोनशे माणसं वळली. साहेबही वळले. इश्वरप्पा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरला आणि स्वतःचं तोंड दुसरीकडं वळवलं. ओट्यावर पोतं अंथरलं. पट्ट्या सुटल्या. त्या उन्हात सगळ्यांना तो वास आला. बंद खोलीतला, ओल्या जखमेचा. कुणी नाकाला हात लावला नाही.

“अप्पा,” धुरपताबाई म्हणाली, “लावा बोलायला.”

“आत्ता?”

“मंग कधी? तिला उचलून राहिले मी.”

मडिवाळप्पानं नाक पुसलं. त्याचा आवाज फाटला होता. “तर अव्वा... मपला बैल व्हता... त्यो लातूरला आला. हापिसात गेला. तिथल्या साहेबानं इचारलं, काय पायजे? तर बैल म्हणला... बैल म्हणला, कानडीत बोला, मला मराठी येत न्हाई...”

आडोशामागून तो घशातला आवाज निघाला. लांब. पाठमोऱ्या माणसांच्या माना खाली गेल्या. त्या आवाजाच्या मधोमध धुरपताबाई म्हणत होती, “बोट केलं बगा अप्पा वर. पकडली तुमची थाप. झालं गं माय, झालं.”

साहेब वळले, त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, “दिवसातून किती वेळा?”

“तुमच्या घड्याळात दोन तासाला एकदा. रात्रीबी. अशी पाच माणसं हायेत.”

“आणि तुम्ही एकट्या?”

“सोमवारपासनं मीबी न्हाई. मस्टरवर जाणार हाय मी. मपल्या लेकरांनी खायचं काय?”

गुरुजींनी पिशवीतून कागद काढले. साहेबांनी ते ओट्यावर बसूनच वाचले. “अनुदानाची फाइल इथंच कुठंतरी असेल. गठ्ठे आजच सोडवतो. पण बाई, नियमात धान्य आहे, तेल आहे, कपडा आहे. सांभाळायला माणूस नियमात नाही.”

“साहेब,” मडिवाळप्पा म्हणाला. त्याचे डोळे अजून वाहत होते; पुसायचंही त्याला भान नव्हतं. “ज्वारीचं पोतं कुणाची कूस बदलत न्हाई. पोतं कोपऱ्यात बसतं आन् माणूस सडतं. तुमी पोटाला देता, लई उपकार. हाताला बी द्या. आमी एकोणीस जण कुणाचे कुणी न्हाई. कुणाचे असतो तर इथं कामून आलो असतो? आता सरकारचेच हाव.”

ह्यात एकही थाप नव्हती. त्याला स्वतःलाच ते नवल वाटलं.

इश्वरप्पानं उपरणं खांद्यावर टाकलं. घसा साफ केला. “हार घातलाय म्या तिला. आता ती मपल्याबी घरची झाली. साहेब, दोन बायांची मागणी वर लिवा. त्याखाली पयली सही मपली घ्या.” मग गर्दीकडे वळून, मघाच्याच रागीट आवाजात, “मयताला आलाव न्हवं समदे? मंग रिकाम्या हातानं जाऊ नका. अंगठे द्या!”

त्या दिवशी शाईची डबी तीनदा भरावी लागली. फाइल बाराव्या गठ्ठ्यात निघाली. सगळ्यात मोठा अंगठा बसवंतचा, कागदाच्या खाली तेलकट उमटलेला.

*

साहेब शनिवारी न सांगता मोहताजखान्यात आले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लिंबाखाली घड्याळ घेऊन बसले, आणि रविवारी आडाशी पाण्याचा टँकर उभा राहिला. दोन बायांच्या जागा मुंबईहून मंजूर व्हायला वेळ लागणार होता. तोवर टंचाईचं काम म्हणजे फक्त माती उचलणं नव्हे, असं त्यांनी फाइलीवर लिहिलं. वर काय म्हणतील ते म्हणोत. सोमवारी धुरपताबाई पाझर तलावावर जायच्या ऐवजी मस्टरचा कारकूनच वही घेऊन मोहताजखान्यात आला.

“बाई, तिकडं आम्ही खड्डे मोजतो,” तो डोकं खाजवत म्हणाला. “इथं काम मोजायचं कसं?”

“कुशी मोजा,” धुरपताबाई म्हणाली.

त्यानं खरंच तसं लिहून घेतलं. सिंधु ऊसतोडीवरून परत आली तिचंही नाव त्याच वहीत चढलं. आषाढात मुंबईहून कागद आला: दोन बायांच्या जागा, सरकारी पगारावर, आधी वर्षापुरत्या. गुरुजींनी तो चार वेळा वाचला आणि पुढच्या वर्षाची मागणी त्याच दिवशी लिहायला घेतली. पाकिटावरचा पत्ता धुरपताबाईनं दोनदा वाचून घेतला. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. पण टँकर चुकला नाही. चादरी एकेक वेगळ्या पाण्यात निघू लागल्या. नागम्माच्या पाठीची जखम आधी चार आण्याएवढी झाली, मग नखाएवढी.

पोळ्याच्या दिवशी अर्धापूरकडचा केरबा नवीन राहायला आला. जन्मभर केळीच्या बागांना पाणी दिलेला माणूस. आता हात कापायचे. त्याला नागम्माच्या शेजारची बाज मिळाली. मडिवाळप्पाला कित्येक महिन्यांत नवीन कान मिळाला नव्हता.

“आता मी जे सांगून राहिलो, ते तू मानणार न्हाईस केरबा,” त्यानं सुरू केलं. धुरपताबाईनं पदर खोचला आणि नागम्माच्या खांद्याखाली हात घातला. “पाचशे माणूस! टाळ, मृदंग, वर दोन हत्ती...”

गोधडीवरचं बोट वर आलं, खाली गेलं. हत्ती पकडले गेले.

“बरं, हत्ती नसतील. पण साहेब! साहेबानं मला बगितलं आन् खुर्ची दिली. समदा मोंढा रडून राहिला व्हता, केरबा. इश्वरप्पा रडला, हमाल रडले, पट्टेवाला तर भिंतीला टेकून रडला. साहेबाचा चष्मा भिजला. एकटा मी खांबावानी उभा. साहेब म्हणला, मडिवाळप्पा, असा धीराचा माणूस म्या बगितला न्हाई.”

“खरंच?” केरबानं विचारलं.

“आरं, माझ्या डोळ्यात एक टिपूस आला असंल तर शपथ.”

सवयीनं त्यानं नागम्माच्या हाताकडे बघितलं. बोट हललं नव्हतं. धुरपताबाई तिला वळवता वळवता थांबली होती. मडिवाळप्पाला जरा चुकल्यासारखं वाटलं, त्यानं आवाज चढवून पुन्हा म्हटलं, “एक टिपूस न्हाई!”

नागम्माचे वाकडे ओठ हलले. एकदा हलले, काही आलं नाही. परत हलले. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा, फाटक्या, जड जिभेनं, पण तिसऱ्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

“सुळ्ळु!”